नाना पेठेतले वायरिंगवाले मामा : इथे ‘डायरेक्ट’ करून मिळत नाही

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आधी गाडीची ओळख. 2010 ची, दोन सिलिंडरची, अडीचशे सीसीची जपानी गाडी. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. नाव घेतलं की लोकांचे दोन तट पडतात आणि मूळ विषय बाजूला राहतो. शिवाय जे झालं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता. मी तिची दुसरी मालकीण. सोसायटीतला मुलगा 2019 मध्ये जर्मनीला गेला, तेव्हा त्याच्याकडून घेतली. मी सहकारनगरला राहते, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, वय सत्तेचाळीस. सिग्नलला लोक आधी गाडीकडे, मग माझ्याकडे आणि मग पुन्हा गाडीकडे बघतात, त्याची सवय झाली आहे. पंधरा वर्षं झाली म्हणून गेल्या वर्षी संगम पुलाजवळच्या आरटीओत जाऊन आरसीचं नूतनीकरण करून आणलं. म्हणजे एवढ्यात विकायचा विचार नाही.

गेल्या पावसाळ्यात तिला एक विचित्र दुखणं लागलं. सकाळी न्यूट्रलमध्ये सेल्फ मारला की एका दमात चालू. पहिला गिअर टाकला की फुस्स. कुणी किल स्विच दाबावा तशी. पुन्हा न्यूट्रल, पुन्हा चालू, पुन्हा गिअर, पुन्हा फुस्स. चार-पाच वेळा हा खेळ झाला की एकदाची निघायची, आणि मग कॉलेजपर्यंत तक्रार नाही. पण एखाद्या खड्ड्यात आदळली की क्षणभर इंजिन गप्प, की लगेच परत सुरू. सिग्नलला बंद पडली तर क्लच दाबून सेल्फ लागायचा नाही, आधी न्यूट्रल शोधावं लागायचं. बंद इंजिनात, मागे रिक्षा, रिक्षाच्या मागे पीएमपीची बस, आणि आपण पायाने न्यूट्रल चाचपतोय. हे ज्यांनी केलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

यात एक गंमत होती. पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून ठेवला की कधीकधी न्यूट्रलचा हिरवा दिवा मिणमिण करायचा. ज्या दिवशी तो दिसायचा त्या दिवशी गाडी शहाण्यासारखी चालायची. नाही दिसला की रस्त्यात धडगत नाही. मी फिजिक्सची बाई, पण कबूल करते, महिनाभर हा दिवा मी शकुनासारखा बघत होते. सकाळी दिवा लागला की मनातल्या मनात हुश्श.

मग ऑगस्टमधल्या एका रविवारी नसरापूरहून परत येत होते. नवीन कात्रज बोगदा ओलांडून नवले पुलाकडे उतरणारा तो उतार. तिथले अपघात पुणेकरांना माहीत आहेत. मागे ट्रक, उजवीकडे ट्रक, आणि इंजिन गेलं. हेडलाइट चालू, इंडिकेटर चालू, फक्त इंजिन नाही. या वेळी ते परत आलं नाही. हात दाखवत दाखवत डावीकडे घेतली, उतारच असल्यामुळे न्यूट्रलमध्ये घरंगळत सर्व्हिस रोडला लागले आणि तिथे गाडी उभी करून दहा मिनिटं नुसती बसून राहिले. गुडघे थरथरत होते. त्या दिवशी ठरवलं, आता शकुन बघणं बंद.

आधी गेले एका मोठ्या काचांच्या, एसी लावलेल्या वर्कशॉपमध्ये. नाव लिहीत नाही. त्यांनी बॅटरी बदलली, दोन्ही प्लग बदलले, आणि तिसऱ्या दिवशी फोन केला की प्लगला ठिणगी पुरवणारं इग्निशन युनिट गेलंय, मागवावं लागेल, एकवीस हजार, आगाऊ भरा, एकदा मागवलं की परत घेतलं जाणार नाही. मी विचारलं, युनिट गेलं असेल तर न्यूट्रलमध्ये गाडी तासभर कशी चालते? कंपनीचा टी-शर्ट घातलेला मुलगा म्हणाला, “मॅडम, इलेक्ट्रॉनिक्सचं काही सांगता येत नाही.” बावीस वर्षं ज्या विषयावर पोट भरलं त्याबद्दल हे वाक्य ऐकून मी गाडी घेऊन घरी आले.

आमच्या लॅब असिस्टंटनं ऐकून लगेच निदान केलं. “स्टँडचा सेन्सर असणार. डायरेक्ट करून टाका, सगळे करतात. शंभर रुपयांचं काम.” डायरेक्ट म्हणजे तो स्विच वगळून वायरी एकमेकींना थेट जोडायच्या. आणि मग थोडं थांबून, “नाहीतर नाना पेठेत एक मामा आहेत. पण ते डायरेक्ट करत नाहीत. भांडतात.” मी म्हटलं, हाच माणूस आपल्याला हवा.

पत्ता सांगणं अवघड आहे. सेव्हन लव्हज चौकातून नेहरू रस्त्याने या, रामोशी गेट ओलांडा आणि नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांच्या गर्दीत शिरा. चेनसेट, क्लचप्लेट, आरसे आणि सीट कव्हरांच्या माळा लटकलेल्या असतात त्या भागात अशोक चौकाच्या अलीकडे कुणालाही “वायरिंगवाले मामा” विचारा. दुकान असेल आठ बाय दहा. पाटीवर निवडणुकीचा जुना फ्लेक्स ठोकलाय, त्याच्या कडेने फक्त “…क्ट्रिक वर्क्स” एवढं दिसतं. पूर्ण नाव मला आजही माहीत नाही. फोन नंबर मागितला तर म्हणाले, “कुणाला देऊ नका, उचलायला हात मोकळे नसतात.” म्हणून देत नाही.

मामा साठीच्या पुढचे. चष्म्याला पांढरा दोरा. मारुती आठशेची जुनी सीट जमिनीवर ठेवून त्यावर बसतात. मी गेले तेव्हा त्यांच्या मांडीवर रिक्षाचा स्टार्टर होता. मान वर न करता म्हणाले, “बोला मॅडम.” मी सगळा इतिहास सांगायला सुरुवात केली. खड्डे, पाऊस, नवले पूल. त्यांनी हात वर केला.

“कधी बंद पडते ते नंतर. कधी बंद पडत नाही ते सांगा.”

“न्यूट्रलमध्ये.”

“एकदापण नाही?”

“एकदाही नाही.”

“मग प्लग कशाला बदलले?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे त्यांनी विचारलं की क्लच दाबून गिअरमध्ये सेल्फ लागतो का. नाही. पावसात जास्त होतं का. हो. आणि मग हा प्रश्न, ज्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहायला बसले: “साइड स्टँड खाली राहून कधी गाडी चालवलीत का?”

चालवली होती. फेब्रुवारीत सारसबागेपाशी उभी केली होती आणि घाईत तशीच निघाले. स्टेडियमच्या डाव्या वळणावर स्टँड खर्रकन रस्त्याला घासलं, गाडी हलली, आणि मागून एक पोरगं ओरडलं, “काकू, स्टँड!” पुण्यात अनोळखी माणसं एकमेकांशी आपुलकीने बोलतात ती या एकाच विषयावर. मी थांबले, स्टँड वर केलं, निघाले.

“थांबलात म्हणजे गाडी बंद पडली?”

“नाही, मी थांबवली.”

“म्हणजे चालू होती.”

“हो.”

मामांनी स्टार्टर खाली ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. “स्टँड खाली, गाडी गिअरमध्ये, आणि इंजिन चालू. मग तुमच्या गाडीत स्टँडचा स्विच आहे कुठं?”

मला अक्षरशः घाम फुटला. इतकी साधी गोष्ट. स्टँड खाली असताना गिअर टाकला तर इंजिन बंद पडायला हवं, तो स्विच त्यासाठीच असतो. माझ्या गाडीचं उलटं चाललं होतं. स्टँड खाली असताना चालत होती आणि वर असताना बंद पडत होती. आणि मी इतके दिवस दोन्ही गोष्टी माहीत असून एकमेकींशेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. वर्गात असं कुणी केलं असतं तर मी काय काय बोलले असते!

मामांनी सीट काढली, डावीकडचं पॅनल काढलं आणि स्टँडच्या स्विचपासून वर जाणारी वायर बोटाने चाचपत चाचपत नेली. बॅटरीच्या डब्यामागे ती संपली. संपली म्हणजे कापलेली होती. स्विचकडून आलेल्या दोन वायरींची टोकं टेपमध्ये गुंडाळून मोकळी सोडलेली. आणि गाडीच्या बाजूच्या ज्या दोन वायरी, त्या एकमेकींना पीळ देऊन वर काळी टेप. “घ्या,” मामा म्हणाले, “तुमच्या आधीच्यानं डायरेक्ट केलीय.” म्हणजे गाडी माझ्याकडे आली तीच स्विचविना. टेपचा गोंद वितळून चिकट राब झाला होता. ती सोलून काढली तर आत तांबं दिसेना. पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की कसं कळकतं, तशी हिरवी बुरशी धरलेली. मामांनी मीटर लावला. चाळीस ओहम, जिथे जवळजवळ शून्य हवं. वायर जरा हलवली, सत्तर. आणखी हलवली, मीटर कोराच.

थोडक्यात, स्विच कधीच सर्किटमध्ये नव्हता. त्याच्या जागी जो पीळ होता तोच पावसात सडत होता. तो तुटला की गाडीला वाटायचं स्टँड खाली आहे. मूळ रचनाच अशी असते की स्टँड वर असेल तेव्हा स्विच जोडलेला आणि खाली असेल तेव्हा तुटलेला. वायर कुठेही तुटली तरी गाडी “स्टँड खाली” असंच समजते आणि थांबते. बिघाड झालाच तर सुरक्षित बाजूला व्हावा, हा हिशेब. ज्यानं डायरेक्ट केलं त्यानं तो हिशेबच मोडला, आणि वर पीळ इतका कच्चा दिला की सुरक्षितपणाही गेला आणि भरवसाही.

मी म्हटलं, मामा, आता तात्पुरता हाच जोड पक्का करून द्या, उद्या कॉलेज आहे. तर खरंच भांडले. “तसं पाहिजे असेल तर समोरच्या गल्लीत जा. शंभर रुपये घेतील. डाव्या वळणावर स्टँड टेकलं की मागचं चाक उचलतं, मग माणूस कुठं जातो ते मी बघितलंय.” कुठं बघितलं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

जुना स्विच अजून जागेवर होता, पण चिखल आणि चेनचं तेल बसून त्याची पिन अर्ध्यावर अडकलेली. तो काढला, रॉकेलमध्ये भिजवला, ब्रशने घासला, हवा मारली, पिनला थोडं ग्रीस. मग त्यांच्या हाताखालच्या पोराला सांगितलं, “बारक्या, पन्नास.” मला कळेना पन्नास काय. पोरानं मीटरची टोकं स्विचच्या वायरींना लावली आणि पिन दाबायला-सोडायला लागला, दर वेळी मीटरच्या बीपकडे कान. एक, दोन, तीन. एकतिसाव्याला बीप आला नाही. मामांनी तिकडे बघितलंही नाही, नुसतं म्हणाले, “परत धू.” पुन्हा रॉकेल, पुन्हा ब्रश, पुन्हा एकपासून मोजणी. या वेळी पन्नासच्या पन्नास वाजले. त्या काचवाल्या वर्कशॉपमध्ये तीन दिवस गाडी होती. तिथे मीटर निघाला होता की नाही, देव जाणे.

मग मूळ जोड. वायरींची सडलेली टोकं मागे चकचकीत तांबं लागेपर्यंत कापली, सोल्डर केलं, वर स्लीव्ह चढवून लायटरने आवळली, आणि शेवटी तो जोड चेसिसला पट्टीने बांधून टाकला. मी विचारलं, बांधायचं कशाला? म्हणाले, सोल्डर जिथं संपतं तिथं वायर कडक होते आणि इंजिनच्या थरथरीनं तिथंच तुटते, ती हलता कामा नये. पुन्हा मीटर. शून्य पॉइंट तीन, आणि मीटरची टोकं एकमेकांना लावली तरी तेवढंच.

गाडी चालू केली. गिअर टाकला, चालूच. स्टँड खाली केलं, मेली. सहा वर्षांत पहिल्यांदा गाडी बंद पडल्याचा आनंद झाला.

माझ्या दृष्टीने काम संपलं होतं. पण मी गिअरमध्ये क्लच दाबून धरला होता आणि न्यूट्रलचा दिवा लागला. आधी मिणमिणायचा, आता लख्ख. मी खुशीत म्हटलं, “बघा, दिवापण चांगला लागायला लागला.” मामांचा चेहरा पडला. “हा दिवा लागायचा नाही.”

इथे त्यांनी खडू घेतला आणि फरशीवर घर काढलं. करंट घरात आलाय, बाहेर पडायला दोन दारं. एक न्यूट्रलचं, एक स्टँडचं. कुठलंही एक उघडं असलं तरी इंजिन चालतं. सेल्फसाठी स्टँडच्या दाराआधी अजून एक दार, क्लचचं, ती दोन्ही उघडी पाहिजेत. “आणि न्यूट्रलच्या दाराला उंदराच्या सापळ्यासारखी फळी असते. एका बाजूनंच ढकलते. इकडून तिकडं जाता येतं, तिकडून इकडं नाही. तुमची फळी मोडलीय. म्हणून दिव्याचा करंट उलटा फिरून क्लचच्या दारानं बाहेर पडतोय.”

मी फरशीकडे बघत उभी. हे ऑर गेट होतं, दोनपैकी एक दार पुरे. शेजारी अँड गेट, दोन्ही दारं हवीत. डायोडचं, म्हणजे मामांच्या त्या एकतर्फी फळीचं ऑर गेट, जे मी दर वर्षी बारावीला सेमीकंडक्टरच्या धड्यात फळ्यावर काढते, ए, बी आणि वाय अशी अक्षरं देऊन. इतक्या वर्षांत ते गेट कधी माझ्या बुडाखाली असेल असं वाटलं नव्हतं. मी मामांना म्हटलं, मी हेच शिकवते. तेव्हापासून मी ‘मॅडम’ची ‘बाई’ झाले. शाळेत म्हणतात तसं.

आणि माझ्या शकुनाचा उलगडाही झाला. दिव्याचा चोरटा करंट त्या कळकलेल्या पिळातूनच अर्थला जात होता. पीळ जुळलेला असेल त्या दिवशी दिवा मिणमिणायचा आणि गाडी चालायची. पीळ सुटलेला असेल तेव्हा दोन्ही नाही. दिव्याला थोडा करंटही पुरतो, सेल्फच्या रिलेला, म्हणजे सेल्फची मोटर चालू करणाऱ्या स्विचला, पुरत नाही, म्हणून दिवा दिसत असूनही क्लच दाबून सेल्फ लागत नव्हता. महिनाभर गाडी मला रोज सकाळी उत्तर दाखवत होती.

हा दिवा खोटं बोलतो म्हणून धोक्याचा, हे मामांनी बजावून सांगितलं. सिग्नलला क्लच दाबून उभे आहात, हिरवा दिवा बघून न्यूट्रल समजून क्लच सोडलात, की गाडी पुढच्याच्या अंगावर.

फ्यूजच्या डब्याशेजारी काडेपेटीच्या निम्म्याएवढा काळा ठोकळा असतो, तीन पिनांचा. आत दोन डायोड. मामांनी तो उपटून मीटर लावला. एका डायोडला सरळ लावला तर बीप, उलटा लावला तरी बीप. म्हणजे आत आरपार. चांगला डायोड मीटरच्या डायोडवाल्या खुणेवर एका बाजूने साधारण शून्य पॉइंट सहा दाखवतो आणि दुसऱ्या बाजूने काहीच नाही. का गेला असेल विचारलं तर म्हणाले, “पंधरा वर्षं झाली. माणसाचे गुडघे जातात.”

तसा ठोकळा मिळेना. मी म्हटलं, डायोड आमच्या लॅबमध्ये डबाभर पडलेत, उद्या आणते. दुसऱ्या दिवशी ऐटीत वन-एन-4007 चे चार नग घेऊन गेले. मामांनी चष्मा कपाळावर चढवून त्यावरची अक्षरं वाचली. “बाई, हा एक अँपिअरचा.” मग न बोलता मीटर सेल्फच्या रिलेच्या कॉइलला लावून माझ्यासमोर धरला. साडेचार ओहम. पुढचं गणित मला करायला लावलं, आणि मी केलं. बारा भागिले साडेचार, अडीचच्या वर. एक अँपिअरचा डायोड तिथे किती दिवस टिकला असता? ओहमचा नियम शाळेतच असतो.

तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन वन-एन-5408 घेऊन आले. तीन अँपिअरचा, जाडजूड, टोकाला पट्टा. पाच रुपयांना एक. रविवार नव्हता म्हणून मिळाला. मामांनी पट्ट्याची बाजू न्यूट्रलच्या वायरकडे ठेवून तो सेल्फच्या लाइनमध्ये बसवला. आणि इग्निशन युनिटकडे जाणाऱ्या लाइनला करंट नावापुरता असतो, तिथे म्हणाले, “तुमचापण वापरू की, एवढा आणलाय.” माझा 4007 तिथे बसला आहे. का कोण जाणे, पण सोसायटीत गाडी लावताना त्याची आठवण येते.

खर्च : पहिल्या दिवशी सहाशे, दुसऱ्या दिवशी अडीचशे. एकूण साडेआठशे आणि पाच रुपयांचा डायोड. स्विच नवीन घालून बिल वाढवता आलं असतं, घातला नाही. गाडी तेव्हापासून एकदाही मेलेली नाही. सप्टेंबरच्या शेवटी ताम्हिणीत धो धो पावसात नेऊन आणली, मुद्दाम.

आता अर्धा तारा. पहिल्या दिवशी साडेतीन तास लागले आणि बसायला काही नाही, मारुतीची सीट मामांची. बिल मिळत नाही, मागितलं तर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर आकडा लिहून देतात. डाव्या पॅनलची एक क्लिप तुटली. मामा म्हणतात आधीच तुटलेली होती, मी म्हणते नव्हती. खड्ड्यांवर ते पॅनल आता खडखडतं. बारक्यावर फार खेकसतात, आणि तो पोरगा मला तरी हुशार वाटला. एकतिसावा बीप चुकला हे लपवलं नाही त्यानं, दुसऱ्या कुणी मोजणी पुढे रेटली असती. गाडी लावायला जागा नाहीच, गल्लीत सम-विषम आहे आणि टोइंगवाले दिवसातून दोनदा फिरतात. तारीख बघून बाजू निवडा.

जाण्याआधी एक गोष्ट घरीच करून बघता येईल. तुमच्या गाडीला हा स्विच असेल तर सपाट जागेवर, समोर कुणी नसताना, गाडीवर बसून न्यूट्रलमध्ये चालू करा, स्टँड खाली करा, ब्रेक आणि क्लच दोन्ही दाबून धरा आणि पहिला गिअर टाका. बंद पडायला हवी. पडली नाही तर तुमच्याही गाडीत कुणीतरी काळी टेप गुंडाळून गेलंय. क्लच सोडू नका, किल स्विचनं बंद करा. हे मी सोसायटीतल्या ज्या जुन्या गाड्यांना स्विच होता अशा चार गाड्यांवर करून पाहिलं. दोन चालूच राहिल्या. एका मालकाला तर स्विच असतो हेच माहीत नव्हतं, दुसरा म्हणाला, “मीच डायरेक्ट केलाय, कटकट होती.”

मामांकडे सकाळी अकराच्या आधी जा, नंतर रिक्षावाल्यांची रांग लागते. बॅटरी नवीन घालून जाऊ नका, प्लग बदलून जाऊ नका. आणि गाडी कधी बंद पडत नाही, ते नीट आठवून जा. विचारतातच.